कांद्याची निर्यात सरकारनं अडवावी का? (चौघांची चर्चा: मुक्तमार्गी, ताटाचा हिशेब, चाळकरी आणि पडताळणी)

मुक्तमार्गी

माझी भूमिका आधीच सांगतो. पिकवलेला कांदा कुणाला विकायचा हे ठरवणं सरकारचं काम नाही. टंचाई असो, निवडणूक असो, नाहीतर ग्राहकहिताचं कारण असो.

२०२३-२४ चा क्रम बघा. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून कमी भावानं बाहेर विकायचं नाही. ८ डिसेंबरला ३१ मार्चपर्यंत सरळ बंदी, आणि ती मुदत संपायच्या आतच बेमुदत वाढवली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात किमान मूल्य गेलं आणि शुल्क निम्मं झालं. उरलेलं २० टक्के सुटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. वीसेक महिन्यांत सात वेळा नियम बदलले. रोप टाकताना एक नियम, काढणीला दुसरा.

यातली सगळ्यात अन्यायाची डिसेंबरची बंदी. डिसेंबरात बाजारात येतो तो खरिपाचा लाल कांदा. पाणी जास्त, मान जाड, पापुद्रा पातळ. काही आठवड्यांत कोंब फुटतो नाहीतर सडतो. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे हवेशीर साठवणघरात, टाकून थांबता येतं, लाल कांदा घेऊन थांबता येत नाही. ट्रॅक्टर भरून लिलावात उभं राहायचं आणि बोली लागेल ती घ्यायची. ज्याला थांबणं शक्यच नाही, नेमका त्याच्यावर बंदीचा सगळा भार पडला.

शुल्क निर्यातदार भरतो, हेही अर्धंच खरं. समजा बंदरावर किलोला ४० रुपये मिळतात. ४० टक्क्यांनी १६ गेले, उरले २४. प्रतवारी, गोणी, हमाली, वाहतूक यांचे ८ धरा. आता व्यापारी १६ च्या वर बोली लावूच शकत नाही. शुल्क नसतं तर तोच ३२ पर्यंत गेला असता. पैसे व्यापाऱ्याच्या खात्यातून जातात, कपात मात्र लिलावात होते.

ताटाचा हिशेब

हिशेब बरोबर आहे, पण तुम्ही एकाच टोकाचा मांडलात. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३०२ लाख टन कांदा झाला, पुढच्या वर्षी तो २४२ लाखांच्या आसपास आला. निर्यात होती २५ लाख टन. पीक ६० लाख टनांनी घटलेलं असताना २५ लाख टन बाहेर जाऊ द्यायचा?

कांद्याला पर्याय नाही. फ्लॉवर महागला तर कोबी घेता येतो. भाकरीबरोबरचा कांदा महागला तर दुसरं काय घेणार? मागणी फारशी हटत नाही, म्हणून पुरवठा थोडा कमी झाला की भाव भराभर चढतो. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात एक किलोचा पाव किलो होतो. ते घर बाजार समितीत मोर्चा नेत नाही, म्हणून त्याचं नुकसान कुठे मोजलं जात नाही.

दुसरं, भाव पडला की शेतकरी सरकारकडेच येतो. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या लाल कांद्याला राज्यानं क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, २०० क्विंटलच्या मर्यादेत. पडत्या भावात सरकार हवं आणि चढत्या भावात नको, हे कसं चालेल?

मुक्तमार्गी

चालणार नाही, आणि मी ते मागतही नाही. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ हा शरद जोशींच्या चळवळीचा नारा मी पूर्ण अर्थानं घेतो. अनुदान नको आणि बंदीही नको. चांगल्या वर्षातले चार पैसे हातात राहिले तर वाईट वर्ष शेतकरी स्वतः काढेल. ते चार पैसे तुम्ही काढून घेता आणि मग अनुदानासाठी रांगेत उभं करता.

गरिबाचं दुःख खरं आहे. त्याला थेट पैसे द्या, ते सगळ्यांच्या करातून जाऊ देत. एका तालुक्यातल्या कांदेवाल्यांकडूनच का वसूल करायचे?

चाळकरी

साठवणुकीवर लिहितो, कारण ‘उन्हाळवाला थांबू शकतो’ हे फार सोपं करून सांगितलंय.

टिकणारा कांदा शेतातच घडतो. लागवडीनंतर साठ दिवस झाले की नत्र बंद. काढणीआधी तीन आठवडे पाणी तोडायचं. निम्म्या माना पडल्या की काढायचा. तीन-चार दिवस पातीसकट शेतात, एकाची पात दुसऱ्याच्या गड्ड्यावर येईल असा. मग इंच-दीड इंच मान ठेवून पात कापायची आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवायचा. मान पूर्ण मिटली नाही तर तिथूनच मानकूज शिरते. वाण भीमा शक्ती, भीमा किरण किंवा एन-२-४-१.

चाळीची रुंदी चार फूट, ढीग पाच फुटांच्या वर नाही, तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला. एकपाखी (एका ओळीची) चाळ दक्षिणोत्तर, दुपाखी (दोन ओळींची) पूर्व-पश्चिम. ढीग उंच केला की तळचा कांदा दबतो, मधे ऊब धरते. जुलैत दमट वारा लागला की काजळी, म्हणजे काळी बुरशी, येते. सगळं नीट केलं तरी ऑक्टोबरपर्यंत घट, सड आणि कोंब मिळून मोठा हिस्सा जातो. एप्रिलला १५ रुपयांचा कांदा ऑक्टोबरला विकताना शंभरातले सत्तर किलोच उरले, तर फक्त मूळ रक्कम निघायला साडेएकवीस रुपये भाव लागतो. मजुरी आणि व्याज त्याच्या वर. ग्राहकाला साठेबाजी वाटते ती बऱ्याचदा एवढीच असते.

सरकारी राखीव साठ्याचंही तेच. २०२३-२४ मध्ये केंद्रानं नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फतच्या खरेदीचं उद्दिष्ट पाच लाख टनांवरून सात लाखांवर नेलं. तो कांदाही अशाच चाळींत राहतो आणि तसाच सडतो. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कांद्यावर किरणांचा मारा करतात, त्या विकिरणानं कोंब थांबतो, सड थांबत नाही. त्यापुढे शीतगृह लागतंच.

पडताळणी

या वादात बातमीचा भाग सुटतोय. फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्यातबंदी उठल्याच्या बातम्या आल्या. लासलगावला सर्वसाधारण भाव १७ तारखेला क्विंटलला १,२८० रुपये होता, १९ ला १,८०० झाला. २० तारखेला केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगितलं, बंदी ३१ मार्चपर्यंत कायम आहे. राजपत्रात अधिसूचना आहे की नाही, एवढं बघून बातमी दिली असती तर ही उडी टळली असती.

बरोबर महिन्यानं, २० मार्चला, केंद्रानं तथ्यपडताळणी कक्ष अधिसूचित केला. केंद्राच्या कारभाराबद्दल समाजमाध्यमांवरचा मजकूर खोटा आहे की नाही हे केंद्राचाच कक्ष ठरवणार, आणि तो मजकूर न हटवणाऱ्या कंपनीचं कायदेशीर संरक्षण (लोकांनी टाकलेल्या मजकुराला तिला जबाबदार न धरण्याचं) धोक्यात. सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्याच दिवशी स्थगिती दिली, आणि मुंबई उच्च न्यायालयानं २० सप्टेंबर २०२४ ला तो नियमच रद्द केला.

ताटाचा हिशेब

अफवेनं क्विंटलमागे पाचशे रुपयांची उडी मारली, हेच तर कक्ष हवा असण्याचं कारण! त्या दोन दिवसांत चढ्या भावानं माल घेतलेला छोटा व्यापारी बुडाला, त्याचं काय?

मुक्तमार्गी

खुलासा करायला कुणाचीच हरकत नाही. सचिवांनी केला आणि एका दिवसात काम झालं. हरकत आहे ती मजकूर उतरवायला लावण्यावर. ‘बंदी उठणार’ ही बातमी आज चूक असते आणि दहा दिवसांनी बरोबर ठरू शकते, कारण निर्णय बंद खोलीत होतो. एप्रिलमध्येच बघा. आधी गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी, आणि नाशिकमधून संताप झाल्यावर खुलासा की सहा देशांना ९९,१५० टन द्यायचं ठरलंच आहे, तेही राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत. बंदी आली की तिच्यामागून परवाना येतो, आणि परवाना कुणाला मिळणार ही कुजबुज येते. साठ्याचे आकडे दर आठवड्याला जाहीर करा, अफवेला जागाच राहणार नाही.

ताटाचा हिशेब

आकडे जाहीर करावेत, हे मान्य. मग बंदीची अटही जाहीर करा. २०२० च्या आवश्यक वस्तू कायद्याच्या दुरुस्तीत तशी होतीच: बागायती मालाचा किरकोळ भाव वर्षभरापूर्वीच्या किंवा पाच वर्षांच्या सरासरीच्या दुप्पट झाला तरच साठामर्यादा.

मुक्तमार्गी

ती अट साठ्याला होती, निर्यातीला नाही. निर्यात अडते १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली. म्हणूनच ती दुरुस्ती लोकसभेत मंजूर होण्याच्या आदल्या दिवशी, १४ सप्टेंबर २०२० ला, निर्यातबंदी घालता आली. ऑक्टोबरात घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळला २ टन अशी साठामर्यादाही आली. अशी मर्यादा आली की मोठे व्यापारी उचल थांबवतात, लिलाव बंद पडतात, आणि माल शेतकऱ्याच्या दारात सडतो.

ताटाचा हिशेब

मग ती अट १९९२ च्या कायद्यात घाला. भाव दुप्पट झाल्याशिवाय बंदी नाही, तीस दिवसांची पूर्वसूचना, आणि सौदा झालेला व बंदरावर पोचलेला माल मोकळा. याला तरी विरोध आहे का?

चाळकरी

तीस दिवस उन्हाळ कांद्याला पुरतील. लाल कांद्याची काढणी नोव्हेंबर-डिसेंबरात असेल आणि सूचना १ डिसेंबरला आली, तर त्या तीस दिवसांत सगळेच एकदम माल काढतील, कच्चासुद्धा. भाव बंदीच्या आधीच पडेल. लाल कांद्यासाठी सूचना लागवडीआधी, जुलैतच यायला हवी.

मुक्तमार्गी

आणि डिसेंबरात काय भाव असेल हे जुलैत कुणाला कळतं? म्हणून माझा विरोध कायम आहे. पण सौदा झालेला माल अडवायचा नाही, या एका कलमासाठी तुमच्याबरोबर सही करायला तयार आहे.