पेम्फिगसचे फोड सुकले, तरी थकवा का?

प्रश्न: पेम्फिगस व्हल्गारिस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटून फोड येणारा आजार) आटोक्यात, नवे फोड नाहीत. प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) ४० मिग्रॅ.वरून ५ वर आलंय. तरी रुग्णाला जिना चढवत नाही, दुपारी तर बसवतही नाही. काय तपासावं?

सुमेधा: हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का ते आधी बघा. येत नसेल तर स्टिरॉइडने मांड्यांचे स्नायू अशक्त झाले असण्याची शक्यता मोठी. यात सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी) बहुधा नॉर्मलच येतं, त्यावर विसंबू नका. मळमळ, उठताना चक्कर असेल तर डॉक्टरांना विचारून सकाळी ८ वाजता कॉर्टिसॉलची (शरीर स्वतः बनवतं त्या स्टिरॉइडची) रक्ततपासणी करा, आदल्या गोळीला २४ तास झाल्यावर, त्या दिवशीची घेण्याआधी. बऱ्याच लॅबच्या पद्धतीत प्रेडनिसोलोनही कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जातं आणि आकडा फसवा वाढतो. प्रेडनिसोलोन मनाने बंद करू नका, जिवावर बेतेल.

नितीन: हिमोग्लोबिन, साखर, टीएसएचही (थायरॉइडची तपासणी) बघा. डॅप्सोन (पेम्फिगसमध्ये कधी कधी देतात ते औषध) चालू असेल तर तांबड्या पेशी फुटून रक्त कमी होतं, हे हमखास नजरेतून सुटतं. प्रेडनिसोलोनची गोळी सकाळी न्याहारीनंतर. संध्याकाळी घेतली की झोप उडते.

मृणाल: डीएलक्यूआय या प्रश्नावलीच्या (त्वचारोगाचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो ते मोजणारी) १० प्रश्नांत थकव्याचा प्रश्नच नाही! गुण कमी, म्हणजे त्रास कमी, असे आले तरी थकवा डॉक्टरांना मुद्दाम सांगा.