वाहनमुक्त वाटेवर गाव लागतं कुठे?

चढउतार:
परवा फ्रान्सच्या सायकल सहलीवरचा एक लेख सगळीकडे फिरत होता. मथळा 'एकही गाडी न दिसता मध्ययुगीन फ्रान्स'. आत गाईंचे फोटो आणि शेवटी उपदेश: बर्गंडीतली ग्रीनवे, म्हणजे वाहनमुक्त सायकलवाट, तिथल्या भाषेत 'व्हुआ व्हेर्त', एवढीच धरा, गाड्यांच्या रस्त्याला चाक लावू नका, खरी जुनी गावं याच वाटेवर भेटतात. खाली "वा!" आणि "यादीत टाकलं!"चा पाऊस. तिथे दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा धागा.

ही वाट आधी काय होती? रेल्वे. जिव्री ते क्लुनी, 44 किमी. रूळ उचलले, त्याजागी डांबर टाकलं आणि 1997 साली फ्रान्समधली पहिली व्हुआ व्हेर्त म्हणून उघडली. आता रेल्वे आखणारा माणूस चढ टाळतो. तो दरीचा तळ धरून जातो. जुनी गावं बसवणारे लोक नेमकं उलट करायचे. लुटारू लांबून दिसावेत म्हणून त्यांना टेकडी हवी. म्हणजे ही वाट तुम्हाला गावाच्या स्टेशनापर्यंत नेते, गावात नाही. तेझेचं जुनं स्टेशन खाली, गाव वर. ब्रांसियाँ हे तटबंदीचं गाव: किल्ला, बाजाराचा लाकडी मांडव, टोकाला रोमानेस्क, म्हणजे गोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीतलं चर्च. वाट त्याच्या आसपासही फिरकत नाही. शापेझचा अकराव्या शतकातला घंटाघराचा मनोरा बघायचा तर कॉर्मातां गावापाशी वाट सोडून गाड्यांच्या रस्त्यानेच जावं लागतं.

म्हणजे लेखकाचा नियम पाळला तर पदरात काय पडतं? कुंपणाची झाडं, पांढऱ्या शारोले गाई आणि स्टेशनाचं कॅफे. क्लुनी दरीत आहे म्हणून वाचलं. 'वाचलं' हाही विनोदच. 910 साली स्थापन झालेला मठ, रोममधलं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं चर्च तिथे, आणि क्रांतीनंतर ते दगडाच्या भावाने विकलं. आज उरलाय तो एक तुकडा.

सपाट वाटेवर सायकल चालवायला माझी ना नाही. पण त्याला 'ऐतिहासिक गावांची भटकंती' म्हणू नका.

लुआरकाठची:
तुमची रेल्वेची आखणी बरोबर आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चूक. एक वाट पाहिली आणि अख्ख्या देशाचा निकाल लावला.

मी लुआर नदीकाठच्या तूर शहरात राहते. 'लुआर आ व्हेलो', म्हणजे 'सायकलने लुआर', हा सुमारे 900 किमीचा मार्ग आहे आणि तो रेल्वेवर नाही, नदीकाठाने आहे. नदीकाठी बोटी होत्या, म्हणून गावं पाण्यालाच चिकटून आहेत. व्हिएन्न आणि लुआरच्या संगमावर कांद-सँ-मार्तां, त्याला लागून मोंसोरो, दोन्ही 'फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं' या यादीतली. पुढे सुझेला तर वाट पांढऱ्या चुनखडीत कोरलेल्या गल्लीतून जाते. दोन्ही बाजूंना खडकात खोदलेली घरं आणि तुम्ही सायकलवर. स्टेशन-बिशन काही नाही.

आणि तुमच्या त्या गाड्यांच्या रस्त्याबद्दल. गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं असा कायदा आहे. माझ्या सायकलमागे ट्रेलर होता, त्यात मुलगी झोपलेली. धान्याचा ट्रक इतक्या जवळून गेला की ट्रेलरचा झेंडा आडवा झाला. मी पुढच्या वळणावर उतरले आणि बराच वेळ हात थरथरत होते. तुम्हाला टेकडीवरचं चर्च हवं असेल तर खुशाल जा. पण गाड्या टाळणाऱ्यांना गावाची किंमत कळत नाही हा सूर बंद करा.

बीआरएमवाला:
पोरं, ट्रेलर, झेंडे... सायकलिंगचा धागा आहे की बालवाडीचा?

गावं बघायची तर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला या. 1200 किमी, 90 तास, चार वर्षांतून एकदा, सगळं साध्या उघड्या रस्त्यांवर. 1891 साली सुरू झालेली राइड आहे. पात्र व्हायला आधी बीआरएम नावाच्या लांब राइडची दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किमी अशी पूर्ण मालिका करावी लागते, आणि आपल्याकडून दर वेळी मोठा जथा जातो. खंबाटकीला रात्री ट्रकांमधून शिकलेली पोरं तिथे जातात आणि म्हणतात, अरे, हा तर महामार्गच मोकळा!

रात्री दोन-अडीचला विलेन-ला-ज्युएलला पोचलो तर गाव जागं. टाळ्या, लाउडस्पीकर, शाळेतली मुलं ताट उचलायला धावत. त्याच्या पुढे एका फाट्यावर आजीबाई घरासमोर टेबल टाकून बसलेल्या, कॉफी आणि क्रेप. पैसे घेईनात. 'गावाहून पत्र पाठव' एवढंच. मी पुण्याहून पत्र पाठवलं. ही गावं तुमच्या गाडीमुक्त वाटेवर मिळतील?

लुआरकाठची:
रात्री अडीचला अर्धवट डोळ्यांनी पाहिलेलं गाव! चर्च दिसलं का? की फक्त राइडच्या कार्डावर शिक्का मारायचं टेबल?

बीआरएमवाला:
चर्चच्या पायरीवरच झोपलो होतो, मॅडम. दहा मिनिटं. दगड छान गार होता.

आजोबा_सायकलवर:
मला तुम्हा तिघांचंही पटत नाही. माझे गुडघे गेले, म्हणून विजेची सायकल घेतली आणि हीच बर्गंडीची वाट केली. चढ नको होता, ट्रक नको होते, बाक हवे होते. मिळाले. क्लुनीच्या पुढे मॅकोंकडे जाताना ब्वा क्लेअरचा बोगदा आहे, 1.6 किमीचा. भर उन्हातून आत शिरलं की अंगावर काटा येतो. थंडीत तो बंद ठेवतात, कारण आत वटवाघळं झोपलेली असतात. माणसांना डोंगरावरून वळसा, वटवाघळांना बोगदा. मला हा न्याय फार आवडला.

एक तक्रार मात्र आहे आणि ती कुणीच लिहीत नाही. सोमवारी गावात पाव मिळत नाही. बेकरी बंद. बारा ते दोन सगळंच बंद, आणि दोननंतर हॉटेलवाला जेवण देत नाही, हसून नाही म्हणतो. एका गावात बगेटचं यंत्र होतं, नाणं टाका, पाव घ्या. त्यातलं नाणं अडकलं. आमच्या सौ. त्या यंत्राला जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चढउतार:
आजोबा, नमस्कार. पण तुम्ही बोगदा आणि पावाचं यंत्र सांगितलंत, गाव एकही नाही. माझाच मुद्दा झाला.

लुआरकाठची ताई, लुआरबद्दल बोलायचं तर तुमचा तो मार्ग पूर्ण वाहनमुक्त नाही, बऱ्याच ठिकाणी बारीक रस्त्यांवरून गाड्यांसोबतच जातो. म्हणजे गाव हवं असेल तर थोड्या गाड्या सोसा, हेच ना? मी वेगळं काय म्हणालो?

लुआरकाठची:
दिवसाला ज्या रस्त्यावर चार शेतकरी आणि एक पोस्टमन जातो त्याला तुम्ही 'गाड्यांसोबत' म्हणता! वाद जिंकायचाच असेल तर घ्या जिंकून.

पिंपळपान:
भांडण चालू द्या, पण मला यातून एक कल्पना सुचली. आपल्याकडे बंद पडलेल्या नॅरोगेज लाइनी आहेतच. मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला घ्या. शंभरावर किमी, सपाट, वाटेत कारंजा, दारव्हा. रूळ काढून फ्रेंचांसारखी वाट केली तर विदर्भात पर्यटन सुरू होईल. जागा आयती आहे, भूसंपादनाची कटकट नाही.

मोतीबागवाला:
वा राजेहो! आयती जागा म्हणे. कोणाची आयती?

दारव्हा मोतीबाग स्टेशनाशेजारी आमचं घर. आमची आई त्या गाडीनं माहेरी जात होती. एसटीच्या निम्म्या पैशात. हळू चालायची, मान्य. पण डब्यात भाजीची टोपली, शेळी, पोरगं, सगळं मावायचं. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन ओढत होतं तिला. कापूस न्यायला ब्रिटिश कंपनीनं बांधली, कंपनीचीच राहिली, सरकार निव्वळ चालवत होतं. मग डागडुजी बंद, मग गाडी बंद, मग घोषणा सुरू. दर निवडणुकीत रुंदीकरण होते, भाषणात.

आणि आता तुम्ही पुण्यातून येऊन म्हणता, रूळ काढा, आमच्या सायकली चालू द्या. ज्याच्याकडं गाडी नाही त्याची गाडी काढून, ज्याच्याकडं दोन गाड्या आहेत त्याला गाडीमुक्त रस्ता! काहून?

पिंपळपान:
मी पुण्याचा नाही, नगरचा आहे. आणि बंद पडलेल्या गोष्टीचा काही उपयोग करायचा नाही का? तुमच्या भावना समजू शकतो, पण रूळ गंजत पडण्यापेक्षा...

मोतीबागवाला:
भावना नाही हो, तिकीट. यवतमाळच्या दवाखान्यात जायला तिकीट लागते. भावना तुमच्या फोटोखाली लिहा.

लुआरकाठची:
मोतीबागवाला, यात मी तुमच्या बाजूने आहे, आणि हे इथल्या सायकलप्रेमींना आवडत नाही. फ्रान्समध्येही त्या वाटा हौसेने झालेल्या नाहीत. आधी गाडी बंद झाली, बरेचदा लोकांचा विरोध डावलून, आणि मग काही वर्षांनी कुणालातरी झाडोऱ्यातल्या त्या पट्ट्यात सायकलमार्ग दिसला. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना वाट सुंदर आहे म्हटलं तर म्हणतात, "हो, पण ती मला बाजारात नेत नाही." 2018 च्या हिवाळ्यात पेट्रोलवरच्या करावरून पिवळी जाकीटं घालून चौकाचौकात जी माणसं बसली, त्यांत अशा गावांतली पुष्कळ होती. मोटारीशिवाय ज्यांचं पानही हलत नाही, अशी. गाडीमुक्त वाटेच्या दोन्ही बाजूंना देशातली सर्वांत जास्त गाडीवर अवलंबून असलेली माणसं राहतात, हे त्या मूळ लेखात नव्हतं आणि चढउतारांच्या धाग्यातही नाही.

चढउतार:
कारण धागा गावांबद्दल आहे, रेल्वे धोरणाबद्दल नाही! शकुंतलेसाठी वेगळा धागा काढा ना.

मोतीबागवाला:
गावाबद्दल आहे म्हणूनच बोलून राहिलो. तुमच्या गावात माणसं राहतात का फक्त मनोरे?

बीआरएमवाला:
हाहा, लागलं!

आजोबा_सायकलवर:
एक सांगू का? मी रेल्वेत होतो, ट्रॅक विभागात. सायकलमार्ग केल्याने निदान पट्टा सलग राहतो. नुसता सोडलात तर आज टपरी, उद्या गोठा, परवा कुणाचा बंगला. मग पुढे कधी गाडी आणायची म्हटलं तर जागा कुठली? फ्रेंचांनी डांबर टाकलं म्हणून ती पट्टी नकाशावर अजून एका रेषेत दिसते. बोगदेही सांभाळले गेले, वटवाघळांसकट.

मोतीबागवाला:
आजोबा, तुमच्या वयाचा मान ठेवून बोलतो. तिथं डांबर टाकल्यावर कितीदा रूळ परत आले? एकदा सायकलवाल्यांना सवय लागली की मग तेच मोर्चा काढतील, आमची वाट तोडू नका म्हणून. आज गंजलेले का होईना, रूळ दिसतात. रूळ दिसतात तोवर आमदाराला विचारता येते. डांबर पडलं की विषय संपला.

आजोबा_सायकलवर:
हं. मोर्च्याचं पटण्यासारखं आहे. आमच्या सौ.च पुढे असतील.

पिंपळपान:
एकूण काय, इथे काही सुचवणंच गुन्हा आहे.

लुआरकाठची:
सुचवा हो, फक्त ज्यांच्या दारातून ती वाट जाणार त्यांना आधी विचारा. आणि चढउतार, तुम्ही अजून एका प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. सात वर्षांचं मूल घेऊन शापेझला कसं जायचं? त्या ताशी 80 च्या रस्त्याने?

चढउतार:
ठीक आहे. मूल असेल तर जाऊ नका, कॉर्मातांचा शातो, म्हणजे जुना वाडा, वाटेच्या अगदी जवळ आहे, तो बघा, आइस्क्रीम खा आणि घरी जा. झालं समाधान? आणि एकटे असाल तर सकाळी लवकर निघा. दुपारी जेवणाच्या वेळेतही रस्ता बरा असतो, सगळा फ्रान्स टेबलावर असतो. शापेझपर्यंत फारसा चढ नाही, ब्रांसियाँला घाम निघतो. संध्याकाळी परतताना त्याच सपाट, कंटाळवाण्या, गाडीमुक्त वाटेवर या. तेव्हा ती मलाही गोड लागते, हे इथे कुणी उद्धृत करू नये.

लुआरकाठची:
"तेव्हा ती मलाही गोड लागते." केलं.

बीआरएमवाला:
मला एवढंच कळलं की ज्याला चढ जमत नाही तो गाड्यांना घाबरतो.

आजोबा_सायकलवर:
तुझे गुडघे किती वर्षांचे आहेत रे बाळा?

मोतीबागवाला:
आमचं एकच. आधी रूळ रुंद करा, गाडी सोडा. मग तिच्या बाजूनं तुमची सायकलची वाट काढा, आमची ना नाही. आमच्याकडं टेकडीवर गाव बसवायची पद्धत नाही, स्टेशनावर उतरलं की गावच लागते. चढउतार साहेबांना तक्रारीला जागा राहणार नाही.

चढउतार:
जागा मी शोधून काढीन. गाडी सुरू झाली की कळवा, सायकल डब्यात घेऊन येतो.

मोतीबागवाला:
शेळीच्या बाजूला ठेवा. तिकीट तिचंही लागते.