मदत हवी आहे: पाण्याचा पाइप शिशाचा निघालाय, फिल्टर कुठला घेऊ?

घाईगडबड
जिन्याखालच्या कपाटातलं सामान काल काढलं तर पाण्याचा मेन पाइप दिसला. करडा, थोडा वाकडातिकडा, जमिनीतून वर येतो तिथे कांद्यासारखी फुगलेली गाठ. नाण्याने खरवडला तर आत चांदीसारखा लख्ख, लोहचुंबक चिकटत नाही. म्हणजे शिसंच. प्लंबर म्हणतो पुढचं अंगण खणावं लागेल, आकडा ऐकून बायको स्वयंपाकघरात निघून गेली. फिल्टरवर भागेल का? कुठला? आज ऑर्डर करायचाय. गूगल करून झालंय, कृपया तिकडे पाठवू नका.

पुणेरी_पाणक्या
आरओ घ्या. आमच्याकडे बारा वर्षं आहे, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) 40 च्या वर कधी गेला नाही. विषय संपला.

शिकागोवाली
टीडीएसच्या मीटरला शिसं कळत नाही हो. ते पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) मोजतं, आणि इथे भांडण लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमचं, म्हणजे पीपीएमचा शंभरावा भाग. काट्यावर साखर तोलताना मुंगी मोजायला गेल्यासारखं.
धागाकर्ते, गाव कुठलं? घर स्वतःचं? आमच्या शिकागोत 1986 पर्यंत शिशाचाच पाइप घालायचा असा नियम होता. असे साधारण 4 लाख जोड अजून जमिनीत आहेत, त्यातला एक माझा.

पुणेरी_पाणक्या
मी आरओ म्हणालो, मीटर नाही. आरओ शिसं काढतोच.

शिकागोवाली
काढतो, ते मान्य. मग टीडीएस 40 कशाला सांगितलात?

घाईगडबड
गाव सांगायचं राहिलं. इलफर्ड, लंडन. घर 1908 चं, टेरेस (भिंतीला भिंत लागून ओळीतलं), गेल्या वर्षी घेतलं. सर्व्हे रिपोर्टात याबद्दल एक ओळ होती म्हणे, मी बॉयलरचं पान तेवढं वाचलं. आता फिल्टरचं सांगा.

लेस्टरकर
1970 च्या आधीचं घर म्हटलं की इथे हा संशय असतोच. घाबरू नका, पण आज ऑर्डरही करू नका. आधी पाणी कंपनीला फोन करून 'शिशासाठी तपासणी हवी' म्हणा. बऱ्याच कंपन्या फुकट करतात. शिशाची मर्यादा 2013 च्या डिसेंबरपासून लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, त्याआधी 25 होती. शिवाय कंपन्या पाण्यात फॉस्फेट घालतात, त्याचा पाइपला आतून थर बसतो. त्यामुळे पाइप शिशाचा असूनही आकडा कमी येऊ शकतो.
फिल्टर घेतलाच तर त्यावर 'शिसे' असं स्पष्ट लिहिलेलं हवं, एनएसएफ 53 (फिल्टरचं अमेरिकन मानक) वगैरे. साध्या फिल्टरवाल्या जगवर विसंबू नका. घरात लहान मूल आहे का?

घाईगडबड
मुलगी, चार महिन्यांची. पावडरचं दूध. म्हणूनच तर घाई आहे ना! पाणी आम्ही चांगलं दहा मिनिटं उकळतो.

शिकागोवाली
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं!! उकळून शिसं जात नाही, पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं.
उद्या सकाळपासून: रात्रभर पाइपात बसलेलं पाणी बाळाला नाही. स्वयंपाकघरातला थंड नळ हाताला पाणी चांगलं गार लागेपर्यंत सोडा, मगच भरा. गरम नळाचं पाणी पिण्याला अजिबात नको. सोडलेलं पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला होतं.

लेस्टरकर
+1. रिपोर्ट येईपर्यंत बाटलीचं पाणी वापरणार असाल तर सोडियम लिटरला 200 मिलिग्रॅमच्या आत आहे ना ते लेबलवर बघा, आणि तेही उकळूनच. हेल्थ व्हिजिटरला (बाळाला बघायला येणाऱ्या नर्सला) सांगा, जीपीला (फॅमिली डॉक्टरला) बाळाच्या रक्ततपासणीचं विचारा.

तांब्यापितळ
आपल्याकडे रात्री तांब्याच्या हंड्यात पाणी भरून ठेवायचे. अशा विषारी पाइपांची वेळच आली नाही. पूर्वजांना कळत होतं.

जलखात्यातला_म्हातारा
अहो तांब्यापितळ, पूर्वज ठीक आहेत, पण मुंबईत बिडाच्या मोठ्या पाइपांचे सांधे शिसं ओतूनच भरायचे. सुतळीचा पीळ आधी ठोकून बसवायचा, बाहेरून मातीचा कडा, मग वितळलेलं शिसं एका धारेत. धार तुटली की सांधा गळलाच. ओलसर पाइपात ओतलं तर उसळायचं, माझ्या मनगटावर डाग आहे अजून. एवढं मात्र खरं, तिथे शिशाचा पाण्याशी संबंध जेमतेम. घरातला अख्खा पाइपच शिशाचा ही वेगळी गोष्ट.

चिंचगूळ
अवांतर: कल्हईचं कोणी काही बोललं नाही. कथील महाग म्हणून त्यात शिसं मिसळतात, आणि आपण त्याच पातेल्यात आमटी उकळतो. चिंच घालून.

तांब्यापितळ
आमचा कल्हईवाला तीस वर्षांचा ओळखीचा आहे.

चिंचगूळ
कथील ओळखीचं आहे का ते विचारा.

घाईगडबड
कृपया कल्हईचा वेगळा धागा काढा. पाणी सोडून मगच भरतोय आता. तपासणीवाला बाटली देऊन गेला. नवीन अडचण: रस्त्याकडून येणारा पाइप शेजारणीच्या घराशी सामाईक निघाला! तिच्या अंगणातून फुटून माझ्याकडे येतो. आजी ऐंशीच्या पुढच्या, म्हणतात इतकी वर्षं हेच पाणी प्यायले, मला काय झालं?

लेस्टरकर
हे जुन्या टेरेसमध्ये नेहमीचंच. रस्त्यातला तुकडा कंपनीचा, हद्दीच्या आतला मालकाचा. तुम्ही तुमचा बदललात की कंपनी तिचा सहसा फुकट बदलते, पण आधी अर्ज करा आणि मगच खणा. तुम्ही स्वतंत्र जोड मागा, म्हणजे आजींच्या गुलाबांना हात लागणार नाही. 25 मिलिमीटरचा निळा प्लॅस्टिक पाइप, जमिनीखाली किमान 750 मिलिमीटर. 'मोलिंग'वाला शोधा, दोन खड्डे करून मधून यंत्राने पाइप ओढतात, सगळं अंगण उकरावं लागत नाही. तीन कोटेशनं घ्या, त्या एका आकड्यावर घरात भांडू नका.

शिकागोवाली
अर्धा बदलून अर्धा ठेवू नका मात्र. हलवाहलवीत आतला थर सुटतो आणि काही दिवस शिसं उलट वाढतं. शिवाय तांब्याचा तुकडा शिशाला थेट जोडला तर शिसं आणखी लवकर झिजतं. थराची किंमत इथल्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात कळली: 2014 साली नदीचं पाणी घेतलं, पाइप झिजू नये म्हणून घालायचं रसायन घातलं नाही, आणि शिसं थेट नळात आलं.

पुणेरी_पाणक्या
म्हणूनच म्हणतो, आरओ.

घाईगडबड
रिपोर्ट आला, लिटरला 17 मायक्रोग्रॅम. आजी चहाला आल्या होत्या, स्वतंत्र जोडाला हो म्हणाल्या, गुलाबाची जागा बोटाने दाखवून गेल्या. अर्ज केला, पण अंगणाला अजून दोन महिने. तोवर प्लंबर शनिवारी कपाटातला शिशाचा तुकडा कापून प्लॅस्टिक टाकतो म्हणतोय. बाकी, त्या पाइपला पट्टीने आवळलेली हिरवी-पिवळी वायर आहे, ती तो काढून टाकेल ना?

लेस्टरकर
थांबा!! ती अर्थिंगची वायर आहे. जुन्या घरांत विजेचं अर्थिंग कधी कधी त्याच पाइपातून जमिनीत जातं. मधे प्लॅस्टिक आलं की अर्थिंग गेलं. इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय कोणी पाइपला करवत लावायची नाही. आणि वर सांगितलंय ना, अर्धा तुकडा बदलूच नका. शनिवार रद्द करा.

घाईगडबड
प्लंबर याबद्दल अक्षर बोलला नाही. फोन लावतोय, उचलत नाहीये. इलफर्डमध्ये कोणाच्या ओळखीचा इलेक्ट्रिशियन आहे का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.