टीव्हीच्या वायरी लोंबतात, झाकायच्या कशा? (सांगली) जरा लवकर सांगा

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. हॉलमध्ये टीव्हीच्या वायरी फार वाईट दिसतात. पुढच्या रविवारी नणंदेच्या मुलीचा साखरपुडा आमच्याच घरी आहे, त्याआधी झाकून व्हायला हव्यात. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, नेटचा डबा, स्पीकर आणि शिवाय एक एक्स्टेंशन बोर्ड. डबल टेपनं केसिंग पट्टी चिकटवून पाहिली. रात्रीतून चुन्याचा पोपडा घेऊन खाली आली. मिस्टर म्हणतात पडदा लावू. पडदा मला नको आहे आणि भिंतही फोडायची नाही. काय करू?

मिरजेचा_माणूस:
ताई, सोपं आहे. झाकणाचा केबल बॉक्स मिळतो. एक्स्टेंशन बोर्ड आणि सगळे अडॅप्टर त्यात टाका, बॉक्स टीव्हीच्या टेबलाखाली सरकवा. आमच्याकडे असाच आहे, पाहुण्यांना वायर दिसतच नाही.

विश्रामबागकर:
बॉक्स वगैरे तात्पुरतं झालं. एकदाच झिरी पाडा, पाइप टाका, कन्सील करा, वरून पुट्टी मारा. मी सगळं घर तसं करून घेतलं.

कृष्णाकाठची:
भिंत फोडायची नाही असं लिहिलंय की वर. आणि बॉक्स टेबलाखाली ठेवून काय उपयोग? भिंतीवरचा स्विचबोर्ड वर आहे.

मिरजेचा_माणूस:
वर म्हणजे किती वर?

कृष्णाकाठची:
माझ्या डोक्याच्या थोडा वर. नदीकाठच्या गावभागात राहतो आम्ही, २०१९ च्या पुरानंतर गल्लीत बहुतेकांनी बोर्ड वर घेतलेत. त्यात वेगळं काय सांगायचं?

जुना_वायरमन:
तेच तर आधी सांगायला हवं होतं. म्हणजे वायरी वरून खाली टीव्हीकडे येतात, म्हणून भिंतभर दिसतात. आता एवढं सांगा: भिंत कसली आहे? सिमेंटची की दगड-मातीची? टीव्ही भिंतीला आहे की टेबलावर? घरात रांगतं पोर आहे का?

कृष्णाकाठची:
जुनं घर आहे, जाड मातीची भिंत, वरून चुना. टीव्ही टेबलावर. पोर आहे, दीराची मुलगी, आत्ताच उभी राहायला लागलीय. जे हाताला लागेल ते ओढते.

विश्रामबागकर:
मग तर कन्सीलच. ओढायला हाताला काही लागणारच नाही.

जुना_वायरमन:
साहेब, मातीच्या भिंतीत झिरी पाडली की कडेची माती ढासळते. तुम्हाला हव्या असलेल्या दोन बोटांच्या झिरीची तिथे वीतभर रुंद खाच होते. पुराचं पाणी प्यालेल्या भिंतीत ओल मुरलेली असते, तिथे पुट्टी पावसाळाभर टिकली तरी खूप. तुमची भिंत विटा-सिमेंटची, म्हणून तुमचं काम झालं. ते इथे चालणार नाही.

विश्रामबागकर:
चांगला गवंडी असला की सगळं होतं. वरवरच्या मलमपट्टीनं घर कधी नीट दिसत नाही.

सातारचा_पाहुणा:
मी साताऱ्यात शुक्रवार पेठेत राहतो. आमची भिंत दगडी, ड्रिल लावला की बिट जळतो, म्हणून सगळं खिडकीच्या लाकडी चौकटीवरून नेलंय. चौकटीला बारीक खिळ्याच्या क्लिपा मारल्या आणि वायर लाकडाच्या रंगाची घेतली. नुसत्या रंगानंही अर्धी वायर नजरेआड होते.

पुणेकर_सून:
ताई, मी जुने चार्जर छोट्या पिशव्यांत घालून प्रत्येकावर कशाचा आहे ते लिहून ड्रॉवरमध्ये ठेवते. हेडफोनची वायर दोन बोटांवर आठच्या आकड्यासारखी गुंडाळली की गुंता होत नाही. खूप फरक पडतो, नक्की करून बघा.

कृष्णाकाठची:
धन्यवाद, पण माझे चार्जर ठीक आहेत. मला टीव्हीचंच विचारायचं आहे. रविवार जवळ आलाय.

जुना_वायरमन:
ऐका. बोर्ड खाली आणायचा नाही, कोणी काही म्हणो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाण्याची ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं, हे तुमच्या गल्लीला मी सांगायला नको. तेव्हा बोर्ड आहे तिथेच राहू दे, वायरींना वाट करून द्या.

जुन्या घरात लाकडी तुळई किंवा खांब असतोच. तुळईपासून टेबलापर्यंत उंचीचा, फूटभर रुंद डब्ल्यूपीसीचा (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला) तक्ता घ्या. प्लाय नको, पाण्यात फुगतो आणि वाळवीही धरतो. वर तुळईला दोन हुक मारून तक्ता त्यावर लटकवा, भिंतीत काहीच ठोकायचं नाही. तक्त्याच्या मागच्या बाजूला दोन केसिंग पट्ट्या स्क्रूनं बसवा. एकीत पॉवरच्या वायरी, दुसरीत एचडीएमआय, डिशची केबल आणि नेटची वायर. दोन्ही एकाच पट्टीत कोंबू नका. वायरी वेल्क्रोनं बांधा. प्लास्टिकचा टाय कापल्याशिवाय सुटत नाही, आणि पाणी चढायला लागलं की तक्ता हुकावरून काढून टीव्हीसकट माळ्यावर न्यावा लागतो. वायरीला टोकाला चिठ्ठी लावा, परत जोडताना शोधाशोध नको.

मिरजेचा_माणूस:
आणि एक्स्टेंशन बोर्ड? तो माझ्या बॉक्समध्ये ठेवता येईल ना, तक्त्याच्या मागे?

जुना_वायरमन:
टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर एवढंच असेल तर हरकत नाही, सगळं मिळून लोड फार नाही. पण ६ अँपियरचा पॉइंट २३० व्होल्टला जास्तीत जास्त १३८० वॉट देतो. साखरपुड्याच्या गडबडीत कोणी तिथेच हजार वॉटची इस्त्री आणि जोडीला मिक्सर लावला तर संपलं. शिवाय बंद बॉक्समध्ये गुंडाळलेली वायर तापते. बॉक्सला बाजूनं भोकं हवीत आणि जास्तीची वायर सैल राहिली पाहिजे, वेटोळं आवळून नव्हे. राउटर मात्र बॉक्सच्या बाहेरच.

सातारचा_पाहुणा:
नेटची वायर फायबरची असेल तर तिला कडक घडी घालू नका. आत काच असते, दुमडली की नेट मंद होतं आणि दोष कंपनीला दिला जातो.

विश्रामबागकर:
तक्ता म्हणजे पुन्हा पडद्यासारखंच झालं की. तिथे पांढरी पट्टी दिसणारच.

कृष्णाकाठची:
दिसली तरी चालेल, लोंबती वायर नको. भिंतीच्या रंगाचाच तक्ता मिळतो का? तुळई टीव्हीच्या बरोबर वर नाही, हातभर डावीकडे आहे.

जुना_वायरमन:
हातभर असेल तर उत्तम. टीव्हीच डावीकडे सरकवा, वायर कमी लागेल. रंग हवा तो सुतार देईल, ऑइल पेंट मारून घ्या. आणि बाळासाठी: तक्त्याच्या खालच्या टोकापासून टीव्हीपर्यंतची वायर टेबलाच्या मागच्या पायाला बांधून टाका, पुढून एकही टोक लोंबता कामा नये. ओढल्यावर टीव्ही अंगावर येतो, वायरीपेक्षा तीच भीती मोठी. टीव्हीचं स्टँड टेबलाला स्क्रूनं घट्ट करा.

आता एक विचारतो. पूर ओसरल्यावर अर्थिंग तपासून घेतलं होतं का? आणि मेनला ३० मिलिअँपियरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, आहे का?

कृष्णाकाठची:
बोर्ड वर घेतला तेव्हा वायरमननं अर्थिंगची तार बदलली होती. आरसीसीबीचं माहीत नाही. मेनला जुना फ्यूजच आहे.

जुना_वायरमन:
मग सुताराला बोलवाल त्याच दिवशी वायरमनलाही बोलवा. आरसीसीबी आधी, तक्ता नंतर. दोन्ही कामं एका दिवसात होतात. लावल्यावर त्यावरचं टेस्टचं बटण दाबून सप्लाय तुटतो का ते त्याला समोर दाखवायला सांगा.

कृष्णाकाठची:
उद्याच सांगते. पाच फुटांचा तक्ता पुरेल ना?

जुना_वायरमन:
टेप लावून मोजा. तुळईच्या खालून टेबलाच्या पाठीपर्यंत, त्यात वीतभर जास्त धरा.