गच्चीवर माकडांना खाऊ, खाली मीटिंगमध्ये खडाजंगी. उपाय सांगा

सोसायटी_सेक्रेटरी
ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी दोन विंगची सात मजली सोसायटी आहे. बी विंगमधल्या एक आजी रोज सकाळी गच्चीवर केळी, चपात्या, फुटाणे ठेवतात, शनिवारी जास्तच. लाल तोंडाच्या माकडांची टोळी वेळेवर हजर होते नि मग दिवसभर इमारतीवरच ठाण मांडून बसते. टाकीची झाकणं उघडी, केबलच्या वायरी लोंबतायत, खालच्या मजल्यांवर स्वयंपाकघरात घुसणं रोजचं. परवा शाळेतून येणाऱ्या मुलीच्या हातातली पिशवी ओढताना तिच्या मनगटावर ओरखडे उठले. मीटिंगमध्ये एक गट म्हणतो आजींना दंड ठोका, दुसरा म्हणतो मारुतीच्या जिवांना उपाशी मारता का, तिसऱ्याने माकडं पकडणाऱ्याचा नंबर आणलाय. आजींचं उत्तर एकच, "माझ्या पैशाने घालते." कायदा काय आणि प्रत्यक्षात उपयोगी काय?

फांदीवरून
आधी त्या मुलीचं बघा. ओरखडा असो की चावा, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. स्नायूत देतात तेव्हा ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) लागतं. दोन-चार दिवस गेले असले तरी आजच दवाखान्यात न्या. हळद, चुना, मिरची काहीही जखमेत भरू नका.

आता माकडं. शेपूट धडापेक्षा लांब आणि डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असतील तर बॉनेट मकाक. शेपूट आखूड नि मागची बाजू लालसर असेल तर ऱ्हीसस. दोघांच्याही गालात पिशव्या असतात. दिसेल ते भराभर गालात कोंबायचं, पळायचं आणि आडोशाला बसून चघळायचं, ही त्यांची रीत. म्हणून एका ठिकाणी ढीग ठेवला की मारामारी होणारच, आणि ढीग संपला की हातातली पिशवी. त्यांच्या लेखी पिशवी म्हणजे खाऊच.

खाऊ बंद करायचा तर पूर्ण बंद. "फक्त शनिवारी" किंवा "थोडंसंच" ही तडजोड सगळ्यात वाईट. कधी मिळतं कधी नाही असं झालं की माकड जास्त चिवटपणे येत राहतं. बंद केल्यावर सुरुवातीचे काही आठवडे त्रास वाढतो. दारं ठोठावतात, दात विचकतात, कुंड्या पाडतात. नेमक्या याच टप्प्यावर कुणीतरी कंटाळून केळं फेकतं आणि सगळं मुसळ केरात. तेव्हा हा काळ येणार हे सगळ्या घरांना आधीच सांगून ठेवा. ही बंदी पावसाळ्यात सुरू करा, तेव्हा डोंगरावर पालवी, किडे, फळं भरपूर असतात. "उपाशी मरतील" या आक्षेपालाही तेच उत्तर.

उपविधी_वाचक
पकडणाऱ्याला बोलावू नका. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर (१ एप्रिल २०२३ पासून लागू) बॉनेट मकाक परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. खासगी माणसाने पिंजरा लावला तर तो गुन्हा आणि बोलावणारी सोसायटीही अडकते. ऱ्हीसस त्या दुरुस्तीत परिशिष्टातून निघालं, पण म्हणून फटाके नि गलोल चालतील असं नाही, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहेच. तक्रार वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर करा. आणि टोळी हलवली तरी खाऊ चालू राहिला तर जागा रिकामी राहत नाही, दुसरी टोळी येते.

मीटिंगमध्ये कुणी तरी "खायला घालायचा हक्क आहे" म्हणून २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम दाखवेल. ते भटक्या कुत्र्यांसाठी आहेत, माकडांना लागू नाहीत.

दंडाची घाई नको. क्रम असा: गच्ची ही सामाईक जागा, तिथे वन्यप्राण्यांना अन्न ठेवायचं नाही असा ठराव सर्वसाधारण सभेत, मग लेखी सूचना, मग कारणे दाखवा नोटीस नि म्हणणं ऐकणं, मग दंड. कमिटीने परस्पर लावलेला दंड सहकार खात्याच्या उपनिबंधकांपुढे टिकत नाही. तोवर एक वही ठेवा: तारीख, वेळ, कोणती गॅलरी, काय नुकसान, कुणाला इजा. फोटो गच्चीचे काढा, आजींच्या घरात डोकावून नाही. अगदीच हाताबाहेर गेलं तर सार्वजनिक उपद्रवासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १५२), पण शेजाऱ्याविरुद्ध तिथवर जाणं म्हणजे पुढची वीस वर्षं लिफ्टमध्ये अबोला.

चिंचेखाली
नोटिशीआधी आजींच्या घरी जा, आणि सेक्रेटरींनी नाही, त्यांच्या वयाच्या कुणी तरी जावं. "तुमच्यामुळे" हा शब्द काढला की संपलंच. पोरीला लागलं हे सांगा. शनिवारचा नैवेद्य मारुतीच्या देवळात द्या, प्रसाद माणसांत वाटू म्हणा. नेम मोडायचा नसतो, वळवायचा असतो.

फांदीवरूनच्या एकदम-बंद सल्ल्यावर माझा एक आक्षेप: आजींकडून एकदम होणार नाही. प्रमाण कमी करत पंधरा दिवसांत शून्यावर या.

फांदीवरून
@चिंचेखाली, चालेल, फक्त वेळ, जागा आणि वार तेच ठेवून प्रमाण उतरवा, दिवस चुकवून नको. आणि उरलेलं अन्न रात्री गच्चीवर किंवा जिन्यात राहू देऊ नका. खरकट्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे येऊरचा बिबट्या येतो. मग माकडांचं भांडण कुणाला आठवणारही नाही.

सोसायटी_सेक्रेटरी
धन्यवाद. मुलीला आजच नेतो. टाक्या नि खिडक्यांचं सांगा, जाळीवाला नायलॉनची म्हणतोय.

जाळी_दार
नायलॉनची जाळी कबुतरांसाठी. माकड ती दाताने फाडतं. एक इंची चौकटीची वेल्डेड जाळी घ्या, गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस, तार अडीच-तीन मिमी. चौकट भिंतीत अँकर बोल्टने बसवा; नुसत्या खिळ्यांवर ठोकलेली जाळी ती धरून हलवतात आणि एक कोपरा सुटला की आत. तारांची इनव्हिजिबल ग्रिल दिसायला छान, पण पिल्लं दोन तारा फाकवून शिरतात. प्रत्येक खोलीत एक जाळी आतून उघडणारी ठेवा, आग लागली तर बाहेर पडायला.

टाकीच्या झाकणाला कडी पुरत नाही, कडी उघडायला ती शिकतात. कुलूप लावा. गच्चीला टेकलेल्या फांद्या तीन-चार मीटर मागे घ्यायच्या, पण छाटणीआधी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. ओला कचरा घंटागाडीच्या वेळेलाच खाली आणा, रात्रभर दाराबाहेर बादली नको. प्लास्टिकचे साप नि वानराच्या आवाजाचे स्पीकर विकणारे येतील. चार-पाच दिवस चालतात, मग माकडं त्याच सापाशी खेळतात.