यूएक्स डिझाइनमधून तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुखपदाकडे: होकार द्यावा का?

रेघोटी (प्रश्न):

नमस्कार. यूएक्स, म्हणजे वापरकर्त्याच्या अनुभवाच्या, डिझाइनच्या क्षेत्रात मला 11 वर्षे झाली. माझे शिक्षण दृश्यकलेचे आहे. पहिली काही वर्षे स्क्रीन रेखाटण्यात गेली, पुढे वापरकर्त्यांच्या मुलाखती आणि चाचण्या घेण्याकडे वळले, आणि गेली 3 वर्षे 6 जणांच्या गटाचे काम पाहते आहे. आता कंपनीने माझ्यापुढे एक नवे पद ठेवले आहे. त्यात डिझाइन आणि रिसर्चच्या जोडीने फ्रंटएंडचे, म्हणजे वापरकर्त्याला दिसणारा भाग बांधणारे, इंजिनीअरही माझ्या हाताखाली येतील. सगळे मिळून साधारण 40 जण.

पद मानाचे आहे हे कळते, तरी होकार देताना जीभ अडखळते. बैठकीत मी ‘या पायरीवर लोक गोंधळतात’ असे म्हटले की ते माझे मत ठरते, आणि तीच गोष्ट एखाद्या इंजिनीअर सहकाऱ्याने दहा मिनिटांनी ‘या पायरीवर ड्रॉप-ऑफ आहे’, म्हणजे लोक इथेच सोडून जातात, अशा शब्दांत मांडली की ती इतिवृत्तात जाते. इंजिनीअरिंगची पदवी नसलेल्या बाईचे इंजिनीअर कितपत ऐकतील, ही शंका म्हणूनच मनातून जात नाही. शिवाय ज्या कामाच्या ओढीने या क्षेत्रात आले ते, म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन एखादा गुंता सोडवत बसणे, कायमचे सुटेल का? ज्यांनी हा टप्पा ओलांडला आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

जुनी_प्रोग्रामर:

आधी पदवीच्या शंकेविषयी लिहिते, कारण आपल्या क्षेत्राचा इतिहास त्या शंकेच्या बाजूने मुळीच नाही. मानसशास्त्राचे अभ्यासक डॉन नॉर्मन 1993 मध्ये ॲपलमध्ये गेले आणि ‘युजर एक्स्पीरियन्स’ हे शब्द पदनामात आले; काम मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होते. ग्रेस हॉपर या मूळच्या गणितज्ञ. व्यवसायातल्या माणसांना चिन्हांऐवजी इंग्रजी शब्दांत सूचना लिहिता आल्या पाहिजेत असा आग्रह त्यांनी 1950 च्या दशकात धरला, तेव्हा संगणकाला इंग्रजी कळत नाही असे त्यांना सुनावण्यात आले. त्यांनी फ्लो-मॅटिक ही प्रोग्रामिंगची भाषा करून दाखवली आणि 1959 मध्ये आकाराला येऊ लागलेल्या कोबॉल या व्यवसायासाठीच्या भाषेवर तिची छाप पडली. सुसान केअर यांची डॉक्टरेट कलेतली. 1984 च्या ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावरची चिन्हे त्यांनी आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरून, 32 गुणिले 32 च्या चौकटीत बसवली.

तरी तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण मला ल्युसी सचमन यांचे वाटते. त्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, आणि काम झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, म्हणजे संगणकशास्त्रज्ञांच्या गराड्यात. कंपनीचे एक फोटोकॉपी यंत्र लोकांना अवघड जात होते. सचमन यांनी माणसांना जोडीने त्या यंत्रावर काम करायला लावले आणि त्यांचे आपसातले बोलणे, थबकणे, चुकीचा अंदाज बांधणे हे सगळे चित्रित केले. त्यांतल्या एका चित्रफितीत संगणकशास्त्रातलेच दोन नामांकित संशोधक पाठपोट प्रती काढता काढता हैराण झालेले दिसतात. ‘वापरणाऱ्यालाच समजत नाही’ हे सोयीचे उत्तर त्यानंतर कोणत्या तोंडाने द्यायचे? यंत्रातली योजना आणि माणसाचे प्रसंगागणिक बदलणारे वागणे यांतली दरी त्यांनी 1987 च्या आपल्या पुस्तकात मांडली.

तेव्हा ‘लोक गोंधळतात’ हे वाक्य तुम्ही बोलूच नका. चाळीस सेकंदांचे चित्रण लावा आणि गप्प बसा. माझ्या अनुभवात चित्रण पाहिलेला इंजिनीअर पुन्हा पदवी विचारत नाही. उलट संध्याकाळी दुरुस्ती घेऊन स्वतःच येतो.

कोरा_कागद:

वरील प्रतिसाद सुंदर आहे, पण थोरांची उदाहरणे पगाराच्या पत्रावर उमटत नाहीत. मी अशा पदावर 5 वर्षे काढली असल्याने थोडे रुक्ष लिहितो. पदनामापेक्षा त्यासोबत काय हाती येते ते विचारा. रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती लोकांपर्यंत जाणे, थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे? रोडमॅप, म्हणजे पुढे काय बनवायचे याचा आराखडा, ठरण्यापूर्वी रिसर्चला वेळ मिळतो, की ठरलेल्या गोष्टीला रंग देण्यासाठी तुम्हाला बोलावले जाते? भरती आणि पगारवाढ यांवर शेवटची सही कोणाची? माझ्या पहिल्या वेळी या तिन्हींची उत्तरे तोंडी आणि गोड होती. सहा महिन्यांनी वरिष्ठ बदलले आणि माझ्याकडे 30 माणसांच्या रजा मंजूर करण्यापलीकडे काही उरले नाही. त्यामुळे लेखी घ्या.

‘मत’ हा शिक्का पुसण्याविषयी थोडे. प्रश्न आवडीच्या प्रांतातून मोजपट्टीच्या प्रांतात नेता आला तर न्या. फिकट राखाडी अक्षरे वाचवत नाहीत, या विधानावर तासभर वाद होतो. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, म्हणजे डब्ल्यूसीएजीनुसार, नेहमीच्या आकाराच्या मजकुराला अक्षरे आणि पार्श्वभूमी यांत किमान 4.5 : 1 इतका कॉन्ट्रास्ट लागतो आणि आपला त्याहून कमी भरतो, असे म्हटले की वाद दोन मिनिटांत संपतो. मात्र आकडा वापरायचा तर त्याचे पोट माहीत हवे. ‘चाचणीला 5 वापरकर्ते पुरे’ हे वाक्य आपण सगळेच फेकतो. निल्सन आणि लँडावर या संशोधकांच्या 1993 च्या सूत्रात एकेका वापरकर्त्याकडून सरासरी 31 टक्के दोष उघड होतात असे धरले आहे, म्हणून 5 जणांत सुमारे 85 टक्के सापडतात. हेच प्रमाण 10 टक्के धरले तर पाच जणांत जेमतेम 41 टक्के हाती लागतात. एखादा इंजिनीअर हे गणित फळ्यावर मांडील, त्याआधी तुम्हीच मांडा.

आणि याचा अतिरेकही नको. डिझायनर डग्लस बोमन यांनी 2009 मध्ये गूगल सोडताना निळ्या रंगाच्या 41 छटांच्या चाचणीचा वैतागून उल्लेख केला होता. काही गोष्टी जाणकाराने ठरवायच्याच असतात. त्या कोणत्या, हे ठरवण्यासाठीच प्रमुख नेमतात.

पाटी_पेन्सिल:

रेखाटन सुटेल का, या भागावर अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. हात सुटत नाही. सहज रेखाटण्याची मुभा मात्र सुटते. प्रमुख झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी एका चर्चेत, केवळ मुद्दा समजावा म्हणून, फळ्यावर चार चौकटी ओढल्या. तीन आठवड्यांनी माझ्यासमोर प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीपुरता नमुना, आला तो त्याच चार चौकटींचा, अगदी मी घाईत तिरका काढलेला रकानाही तसाच तिरका! त्या गटात माझ्याहून चांगले डिझायनर होते, पण वरिष्ठ बाईंची रेघ म्हणजे निर्णय, असे त्यांनी गृहीत धरले. तेव्हापासून मी इतरांचे काम झाल्याशिवाय पेन उचलत नाही, आणि ही शिस्त अंगवळणी पडायला मला वर्ष लागले.

आपले वाक्य दुसऱ्याच्या नावावर जाण्यावर मी एक साधा उपाय करते. बैठकीच्या आदल्या दिवशी निरीक्षण, त्याचा पुरावा आणि अपेक्षित निर्णय अर्ध्या पानात लिहून सर्वांना पाठवते, आणि ज्या सहकाऱ्याने ती चाचणी घेतली त्याचे नाव त्यावर घालते. त्यामुळे इतिवृत्त लिहिणाऱ्याला स्रोत शोधावा लागत नाही. माणसे हाताळण्यात मुळीच रस नसेल, तर प्रिन्सिपल डिझायनरची, म्हणजे माणसे न सांभाळता वरिष्ठ डिझायनर राहण्याची, वाट काही ठिकाणी खुली असते, हेही विचारून पाहा. त्या वाटेवर वजन कमी असते असे नाही, फक्त ते दर बैठकीत नव्याने कमवावे लागते.

रेघोटी:

सर्वांचे आभार. तिरक्या रकान्याच्या गोष्टीने सर्वाधिक धास्ती वाटली, कारण परवाच मी एका नवीन मुलीच्या वायरफ्रेमवर (स्क्रीनच्या कच्च्या आराखड्यावर) लाल पेनने बटणाची जागा बदलली आणि तिने काहीही न विचारता ती मान्य केली. तिला उद्या तिचे कारण विचारीन. पदाबाबत मी रिलीज थांबवण्याचा अधिकार आणि रोडमॅपपूर्वीचा रिसर्च, या दोन गोष्टी लेखी मागितल्या आहेत. रिसर्चला लगेच होकार मिळाला. रिलीजविषयी ‘प्रत्यक्ष बोलू’ असे उत्तर आले आहे. कोरा_कागद, तुम्ही हा अधिकार लेखी मागितला तेव्हा नेमकी शब्दरचना काय केली होती?

कोरा_कागद:

‘मुख्य कार्यांपैकी कोणतेही कार्य चाचणीत ठरलेल्या प्रमाणात पूर्ण होत नसेल, तर रिलीज पुढे ढकलण्याचा निर्णय यूएक्स प्रमुखाचा राहील.’ प्रमाण किती, ते परिशिष्टात वेगळे लिहा. भांडण त्यावरच होते.