ब्लू टिक बंद, तरी पकडले जाल

ब्लू टिक बंद केल्या की व्हॉट्सॲपवर आपण मेसेज वाचला हे कुणालाच कळत नाही, असं बरेच जण समजतात. ग्रुपमध्ये ते चालत नाही हो! पाठवणाऱ्याने स्वतःचा मेसेज दाबून धरला आणि 'इन्फो' उघडलं, की कुणी वाचला, किती वाजता, सगळी यादी समोर. आत्याने मला असंच पकडलं: "रात्री ११:४२ ला वाचलास ना, मग हो-नाही कळवायला काय झालं?" व्हॉइस मेसेज ऐकल्याचंही कळतंच. शिवाय एकेकट्याशी बोलताना इतरांच्या ब्लू टिकही आपल्याला दिसेनाशा होतात, तो भुर्दंड वेगळा.

त्यापेक्षा प्रायव्हसीत 'ग्रुप्स'ला 'माय कॉन्टॅक्ट्स' करून ठेवा. अनोळखी माणूस परस्पर ग्रुपात ओढू शकत नाही. आत्यासाठी तिथेच 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' (म्हणजे ओळखीच्यांपैकी ठरावीक जणांना वगळणं) आहे, पण तेवढं धाडस अजून झालेलं नाही.